आधी तळं मोजा, मग प्रवचन: शास्त्रज्ञ आणि धर्मसमुदाय यांनी मिळून पर्यावरणाचा वर्ग कसा चालवावा

१९८६ साली इटलीतल्या असिसी गावात बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि ज्यू अशा पाच धर्मांचे प्रतिनिधी जमले आणि प्रत्येकाने आपापल्या परंपरेतून निसर्गरक्षणाचा जाहीरनामा मांडला. १९९० मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या पुढाकाराने नामवंत शास्त्रज्ञांनी धर्मगुरूंना खुलं पत्र लिहून सोबत येण्याचं आवाहन केलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक आलं आणि त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये इस्लामी विद्वानांनी हवामानबदलावर जाहीरनामा काढला. थोडक्यात, वरच्या मजल्यावर मैत्री केव्हाच झाली आहे. अडतं ते तळमजल्यावर. सुट्टीच्या दिवशी प्रार्थनास्थळाच्या आवारात चोवीस मुलं जमली आहेत, एक धर्मशिक्षक आहेत, एक शास्त्रज्ञ आहे आणि हाताशी दीड तास आहे. आता करायचं काय?

बहुतेक ठिकाणी शास्त्रज्ञ चाळीस मिनिटं पडद्यावर आलेख दाखवतो, धर्मशिक्षक दहा मिनिटं वचनं सांगतात, शेवटी रोपं लावून फोटो काढले जातात. तीन महिन्यांनी रोपं वाळलेली असतात आणि आलेख कुणालाच आठवत नसतात. दोघं एकाच व्यासपीठावर बसले, पण दोघांनी मिळून एकही गोष्ट पाहिली नाही. इथे सुचवलेला क्रम नेमका उलटा आहे. समुदायाला आधीपासून जी जागा प्रिय आहे ती दोघांनी मिळून मोजायची, बोलणं त्यानंतर.

जागा कोणती घ्यावी

‘हवामानबदल’ हा विषय पहिल्या वर्षी घेऊ नका. तळं, विहीर, राई, दफनभूमी, स्वयंपाकघर, छत यांपैकी एक निवडा आणि चार कसोट्या लावा. त्या जागेबद्दलचा निर्णय समुदाय स्वतः घेऊ शकतो का? सहा ते बारा महिन्यांत डोळ्यांना दिसेल असा फरक पडू शकतो का? दहा-बारा वर्षांचं मूल तिथलं काही मोजू शकतं का? आणि मोजताना कुणी बुडण्याचा, पडण्याचा धोका नाही ना? पहिली कसोटी सगळ्यात महत्त्वाची. नदी सगळ्यांची असते, म्हणजे सुधारण्याच्या बाबतीत कुणाचीच नसते. आवारातल्या तळ्याची किल्ली मात्र कुणाच्या तरी कमरेला असते.

कोणाला भेटायचं

प्रत्येक प्रार्थनास्थळात अधिकाराच्या तीन वेगळ्या जागा असतात. धर्मगुरूंचा शब्द चालतो. पैसा आणि परवानगी विश्वस्तांच्या किंवा समितीच्या हातात असते. आणि रोज झाडणारा, पाणी भरणारा, दिवे लावणारा, स्वयंपाक करणारा माणूस असतो, ज्याला बैठकीला कुणी बोलावत नाही. प्रकल्प बहुधा या तिसऱ्या माणसापाशी फसतो. ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवायचं ठरलं की काम त्याचं वाढतं. ठराव करणाऱ्यांचं नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच त्याच्याबरोबर एक पूर्ण दिवस घालवा. पाणी कुठून येतं, कचरा खरोखर कुठे जातो, कोणत्या दिवशी गर्दी किती, हे त्याला तोंडपाठ असतं.

शास्त्रज्ञाने पहिल्या दोन भेटींत काहीही मागू नये. नेहमीच्या कार्यक्रमाला जावं, मागे बसावं, नंतर वयस्क मंडळींना एवढंच विचारावं की लहानपणी इथे काय होतं जे आता दिसत नाही. बेडूक, काजवे, एखादं झाड, पाण्याचा तळ, अशी यादी हमखास निघते आणि पुढच्या वर्षभराचा अभ्यासक्रम तिच्यातूनच तयार होतो. दोन गोष्टी टाळा: त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं त्यांनाच ऐकवणं, आणि ‘तुमच्या लोकांमध्ये जागृती करायची आहे’ असं म्हणणं. दुसऱ्या वाक्याने दार जितक्या सभ्यपणे बंद होतं तितकं कशानेच होत नाही.

शास्त्रज्ञाला त्याच्या श्रद्धेबद्दल विचारलं जाईलच. खरं ते एका वाक्यात सांगावं आणि थांबावं. श्रद्धाळू असल्याचा आव लगेच ओळखू येतो. नास्तिक असल्याचं सरळ सांगितलं तर सहसा कुणाचं काही अडत नाही.

एक पान, दोन सह्या

काम सुरू होण्यापूर्वी एका पानावर समजूत लिहून काढा. त्यात इतकं असावं: मोजमापाच्या नोंदींची मूळ वही समुदायाकडे राहील, प्रत शास्त्रज्ञाकडे. कोणताही निष्कर्ष बाहेर जाण्यापूर्वी समुदायाला चौदा दिवस आधी दाखवला जाईल. अपवाद एकच: पिण्याच्या पाण्यात दूषण आढळलं तर त्याच दिवशी सांगायचं, थांबायचं नाही. विधींचे आणि मुलांचे फोटो परवानगीशिवाय नाहीत. आवारातल्या कोणत्या भागात कुणाला प्रवेश नाही, पादत्राणं, कपडे, मोजण्याची साधनं कुठवर न्यायची, हेही आधीच लिहा. संघातल्या एखादीला ऐनवेळी दारात थांबवलं गेलं तर त्या दिवसाचा वर्ग तिथेच संपतो. आणि एक कलम न विसरता: विश्वाची उत्पत्ती, उत्क्रांती, चमत्कार हे विषय या वर्गात दोन्ही बाजूंनी उकरायचे नाहीत. हे प्रश्न टाळण्यासारखे आहेत म्हणून नव्हे, तर पाण्याची पारदर्शकता मोजायला त्यांचं उत्तर लागत नाही म्हणून.

अनेक धर्मांची मुलं एकत्र आणायची असतील तर पहिले चार-पाच महिने प्रत्येक गट आपल्या जागी शिकू द्या. प्रत्येकाकडे स्वतःच्या तळ्याचे, स्वतःच्या झाडांचे आकडे आले की मग एकत्र बसवा. तेव्हा मुलं परस्परांना ‘तुमचा ऑक्सिजन किती?’ असं विचारतात. रिकाम्या हाताने एकत्र बसवलं तर मोठ्यांनी पढवलेली सलोख्याची वाक्यं म्हणून दाखवतात.

दीड तासाचा हिशेब

चोवीस मुलांसाठी सहा-सहाचे चार गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. पहिली दहा मिनिटं समुदायाच्या रीतीने सुरुवात. मग पाच मिनिटं अंदाज: प्रत्येक मुलाने मोजण्याआधी आपला अंदाज लिहायचा. ही पायरी गाळू नका. अंदाज चुकल्याशिवाय आकडा लक्षात राहत नाही. पुढची चाळीस मिनिटं मोजमाप. पंधरा मिनिटं आकडे फळ्यावर मांडून ‘असं का?’ यावर चर्चा, ती शास्त्रज्ञ चालवतो. पंधरा मिनिटं ‘मग आपण काय करायचं?’, ती धर्मशिक्षक चालवतात. शेवटची पाच मिनिटं नोंदवही आणि हात धुणं.

साहित्य एका पेटीत मावतं:

– पाण्याची पारदर्शकता मोजायच्या सेक्की तबकड्या २ (एक हमखास बुडते), दर १० सेंटिमीटरवर खूण केलेली प्रत्येकी ५ मीटर दोरी
– थर्मामीटर ४, पाऱ्याचे नकोत
– अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाचता येणाऱ्या पीएच (आम्लता) मोजायच्या पट्ट्या, एक डबी
– विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा थेंब-मोजणीचा संच १, गॉगल व हातमोजे
– झाकणाच्या पारदर्शक बाटल्या १२
– ३० मीटरची मोजपट्टी १, शिंप्याची पट्टी ४, सुतळी ५० मीटर
– टांगता वजनकाटा १
– शिवलेली नोंदवही आणि पेन्सिली

पेन्सिलीच, कारण शाई ओल्या बोटाने पसरते. वही शिवलेलीच, कारण सुटे कागद पहिल्याच पावसाळ्यात जातात.

तळं: दुपार आणि पहाट यांतला फरक

सेक्की तबकडी म्हणजे २० सेंटिमीटर व्यासाची, पाव-पाव काळी-पांढरी रंगवलेली चकती. खाली वजन बांधून ती सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, मग वर ओढताना पुन्हा दिसू लागली की दुसरी खूण. दोन्हींची सरासरी ही पारदर्शकता. वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान आणि दर वेळी तीच. तळं इतकं उथळ असेल की तबकडी तळाला टेकूनही दिसते, तर तो आकडा पारदर्शकता म्हणून लिहू नका. ‘तळ दिसला’ असं लिहा.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी. २५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीजवळच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो, ३० अंशाला सुमारे ७.६. लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. आता हिरवंगार शेवाळ माजलेलं तळं घ्या. दुपारी तीनला मोजलं तर शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे आकडा नऊ-दहाच्याही वर जातो आणि पाणी उत्तम असल्याचं जाहीर होतं. रात्री तेच शेवाळ आणि तळाचे जिवाणू ऑक्सिजन संपवत जातात. पहाटे आकडा दोनवर आलेला असतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत असतात. दुपारच्या एका मोजणीवर अहवाल लिहिणं ही या कामातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

गंमत अशी, की शास्त्रज्ञाला पहाटे पाच वाजता तळ्याकाठी रोज हजर राहील असा माणूस कुठेच मिळत नाही, आणि प्रार्थनास्थळात तो आधीपासूनच असतो. त्याला, किंवा पहाटेच्या प्रार्थनेला येणाऱ्या दुसऱ्या कुणा प्रौढाला, नमुना ‘बांधून ठेवायला’, म्हणजे त्यातला ऑक्सिजन आहे तसा अडकवून ठेवायला, शिकवा. बाटली पाण्याखाली तिरकी धरून भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, संचातली पहिली दोन द्रावणं घालून झाकण लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर जवळपास नाहीच. बांधलेला नमुना अंधारात काही तास टिकतो, पुढची थेंब-मोजणी शास्त्रज्ञ सकाळी येऊन करू शकतो. या द्रावणांत तीव्र अल्कली आणि आम्ल असतं, म्हणून हे काम मुलांच्या हाती नाही आणि गॉगलशिवाय नाही. बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन मोजला जातो आणि मरणासन्न तळंही निरोगी दिसतं.

सण-उत्सवाचा परिणाम पाहायचा असेल तर चार वेळा मोजा: आठवडाभर आधी, दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी. दर वेळी तीन जागा आणि प्रत्येक जागेचे तीन नमुने. त्या तीनांपैकी एक जागा पाणी आत येतं तिथली हवीच. याबाबत आम्ही हट्टी आहोत. तळ्याला बाहेरून सांडपाणी मिळत असेल आणि तुम्ही मुलांना ‘फुलांमुळे पाणी सडलं’ असं शिकवलंत, तर ते खोटं आहे आणि ते खोटं आहे हे समुदायातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं. आवक आधी मोजली तर आरोप कुणावर आणि किती करायचा ते कळतं. कधी कधी दोघं मिळून पालिकेकडे जाता येतं, आणि या मैत्रीला याहून चांगली सुरुवात नाही.

पिण्याच्या किंवा आचमनाच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू आहेत का हे पाहायला हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली पुरते (जिवाणूंनी हा गंधकयुक्त वायू सोडला की ती काळी पडते): खुणेपर्यंत पाणी भरा, उबदार जागी ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर दूषण असण्याची दाट शक्यता. भूजलातच गंधकाचा वास असेल तर बाटली उगाच काळी पडते, म्हणून प्रयोगशाळेची चाचणी झाल्याशिवाय बोभाटा नको. मात्र तोवर पाणी उकळून प्या हे लगेच सांगा. वापरलेली बाटली ब्लीच घालून अर्धा तास ठेवूनच टाका.

निळी बाटली

वाहिलेली फुलं पाण्यात सडली की ऑक्सिजन जातो, हे वाक्य मुलांना पटत नाही. मोठ्यांना तर नाहीच. फुलं निर्मळ असतात, त्यांनी पाणी कसं बिघडेल? त्यासाठी हा प्रयोग.

तळ्याचं एक लिटर पाणी उघड्या भांड्यात घ्या, त्यात २० ग्रॅम पांढऱ्या पाकळ्या चुरून एक दिवस ठेवा. पांढऱ्याच, कारण रंगीत फुलांचा रंग पाण्यात उतरून घोटाळा करतो. दुसऱ्या दिवशी कापडातून गाळा. आता तीन सारख्या पारदर्शक बाटल्या: पहिलीत नुसतं तळ्याचं पाणी, दुसरीत गाळलेलं फुलांचं पाणी, तिसरीत तेच फुलांचं पाणी पण दहा मिनिटं उकळून, थंड करून, हवा परत मिसळावी म्हणून जोरात हलवलेलं. तिन्हींत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे सारखे थेंब टाका, फिकट आकाशी रंग येईपर्यंतच. काठोकाठ भरा, झाकण लावा, अंधाऱ्या कपाटात ठेवा. बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांनी पाहा.

दुसऱ्या बाटलीतला निळा रंग आधी उतरतो. जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला की मिथिलीन ब्लूचं रंगहीन रूप तयार होतं. पहिली बराच काळ निळी राहते. उकळलेली तिसरी उशिरा उतरते, म्हणजे दोष फुलांचा नाही, फुलांवर जेवायला बसलेल्या जिवाणूंच्या गर्दीचा आहे. आणि मग वर्गातला सर्वांत चांगला क्षण: उतरलेली बाटली उघडा, थोडं पाणी ओतून टाका, झाकण लावून जोरात हलवा. निळा रंग परत येतो. हवा मिळाली, रंग आला. मुलं हे दहादा करून बघतात, करू द्या.

हलवूनही रंग परत आला नाही तर समजा, पाकळ्यांच्या तुकड्यांनी रंगच शोषून घेतला होता, म्हणजे गाळणं नीट झालं नाही. मिथिलीन ब्लू वनस्पतीच्या तंतूंना घट्ट चिकटतो, म्हणून पाकळ्या बाटलीत ठेवून हा प्रयोग करू नये. कडक उन्हात ठेवल्यानेही रंग उडतो. कपड्यांवरचे डाग निघत नाहीत, हे पालकांना आधी सांगा.

प्रयोगानंतर ‘फुलं वाहू नका’ असं शास्त्रज्ञाने म्हणायचं नाही. प्रश्न धर्मशिक्षकांकडे जातो: अर्पण कशाला म्हणायचं, ते कुठे पूर्ण होतं, पाण्यात पडल्यावर की देताक्षणी? यावर प्रत्येक परंपरेचं उत्तर वेगळं येईल. फुलांचं खत करायचं ठरलं तर दोरे, तारा, चकाकीचे कागद आधी वेगळे करा. ढीग लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी हवा, नाहीतर तापत नाही. फुलांच्या एका भागाला वाळलेल्या पानांचे दोन भाग. ओल तपासायला मूठभर दाबा: हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आत ५५ अंश तापमान तीन दिवस टिकलं पाहिजे. अमोनियाचा वास आला तर वाळलेली पानं कमी पडली. कुजका वास आला तर हवा कमी पडली, उलथापालथ करा.

मूर्तिविसर्जनाबाबत प्लास्टरचा प्रश्न येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात जिप्सम बनतं आणि ते लिटरमागे साधारण दोन ग्रॅमच विरघळतं, म्हणून मूर्ती महिनोन्‌महिने तशीच राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ते विघटित करण्याची पद्धत दिली. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून वापरता येणारं अमोनियम सल्फेट मिळतं. हे काम टाकीतच करायचं, तळ्यात नाही. आणि हा खाण्याचा सोडा नव्हे. तो सोडियमचा असतो. ही गफलत वारंवार होते.

राई: म्हातारी झाडं, पोरं नाहीत

इथिओपियाच्या उत्तर भागात शेतांच्या पसाऱ्यात हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक चर्च. परिसंस्थाशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी आणि वृक्षछत्राच्या अभ्यासक मार्गारेट लोमन यांनी तिथल्या धर्मगुरूंना आकाशातून घेतलेली चित्रं दाखवली आणि राया कशा आकसत आहेत ते दोघांनी मिळून पाहिलं. उपाय स्थानिक निघाला: भोवतालच्या शेतांतले दगड वेचून राईभोवती गडगा. गुरं आत शिरेनाशी झाली, रोपं तगू लागली, आणि दगड निघाल्यामुळे शेतकऱ्यांचंही भलं झालं. चर्चच्या दृष्टीने तो पवित्र जागेचा कोट होता, शास्त्रज्ञांच्या दृष्टीने चराईबंदी. दोन्ही अर्थ एकाच भिंतीत बसले.

आपल्या राईत किंवा दफनभूमीत हेच तपासायला १० मीटर बाय १० मीटरच्या किमान पाच चौकटी सुतळीने आखा. वाटेला लागूनच आखू नका. तिथे रोपं नेहमीच कमी असतात. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा. चौकटीच्या चार कोपऱ्यांत एक-एक मीटरचे चौकोन घेऊन गुडघ्याखालची रोपं मोजा. घेरांचे गट पाडून फळ्यावर स्तंभ काढले की मुलांना न सांगता कळतं: जाडजूड झाडं खूप, मधली कमी, रोपं शून्य, म्हणजे हे नातवंडं नसलेलं घर आहे. झाडं उभी आहेत तोवर राई शाबूत असल्याचा समज सगळ्यांचा असतो, म्हणून हा स्तंभालेख आलेल्या प्रत्येकाने पाहावा असा लावा.

रोपं का नाहीत? गुरं, झाडलोट, सिमेंट, की आक्रमक झुडपं? एका चौकटीला वर्षभर कुंपण घाला, शेजारची तशीच ठेवा. समारंभपूर्वक शंभर रोपं लावण्यापेक्षा हे एक कुंपण जास्त शिकवतं, आणि स्वस्तही पडतं.

वचन एकाचं, आकडा दुसऱ्याचा

धर्मवचन धर्मशिक्षकांनी सांगावं, आकडा शास्त्रज्ञाने. दोघांनी एकमेकांच्या प्रांतात उदारपणे घुसू नये. सर्वांत मोहक चूक म्हणजे ‘आमच्या पूर्वजांना हे आधीच माहीत होतं, आता विज्ञानानेही सिद्ध केलं’. टाळ्या मिळतात. पण उद्या नव्या संशोधनाने तो निष्कर्ष बदलला तर वचनही खोटं पडल्यासारखं वाटतं, आणि ते वचन त्या आकड्यावर कधीच उभं नव्हतं.

टांझानियातल्या पेम्बा बेटाजवळच्या मिसाली बेटाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे काही मच्छीमार सुरुंग लावून मासेमारी करत, प्रवाळ उद्ध्वस्त होत होतं. नियम होते, पाळले जात नव्हते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संरक्षणाच्या कामात इस्लामी शिकवण आणली गेली: माणूस सृष्टीचा मालक नव्हे, विश्वस्त आहे, अपव्यय निषिद्ध आहे. बेटाचं नावच लोकपरंपरेत नमाजाच्या चटईशी जोडलेलं. प्रवाळ किती वर्षांत भरून येतं हे जीवशास्त्राने सांगायचं, सुरुंग लावणं हा विश्वासघात का, हे मशिदीने.

मुक्त करण्यापूर्वी

बौद्ध परंपरेत बंदिस्त प्राणी विकत घेऊन सोडून देणं पुण्याचं मानतात. २०१५ मध्ये इंग्लंडच्या ब्रायटनजवळ समुद्रात अशा भावनेने शेकडो लॉब्स्टर आणि खेकडे सोडले गेले. लॉब्स्टर अमेरिकी जातीचे होते, स्थानिक जातीला धोका म्हणून ते परत पकडण्याची मोहीम निघाली आणि सोडणाऱ्यांना दंड झाला. लाल कानाचं कासव आणि अमेरिकी बुलफ्रॉग यांच्या प्रसारालाही हीच करुणा काही ठिकाणी हातभार लावते. शिवाय मागणी वाढली की सोडण्यासाठीच प्राणी पकडले जातात.

इथे ‘सोडू नका’ हे उत्तर टिकत नाही. सोडण्याची कृती हाच विधीचा गाभा आहे. ‘काय, कुठे, केव्हा’ बदला. वन्यजीव उपचार केंद्रात बरे झालेले स्थानिक जातीचे प्राणी, केंद्राने ठरवलेल्या जागी, केंद्राच्या परवानगीने. मासे असतील तर पिशवी वीस-तीस मिनिटं पाण्यात तरंगत ठेवून तापमान जुळू द्या, मगच सोडा. प्रार्थनेला तेवढा वेळ लागतोच.

दोन पंचांगं

वर्षाची आखणी समुदायाच्या दिनदर्शिकेवर करा. उपवासाचा काळ, सुगी, पूर्वजस्मरण. ख्रिस्ती जगात १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस आहे: १९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स पीठाने तो सुरू केला, २०१५ मध्ये कॅथलिक चर्चने स्वीकारला.

पण आकड्यांच्या बाजूने एक सापळा आहे. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. चांद्र-सौर पंचांगांतले सणही काही आठवडे मागे-पुढे सरकतात. यंदा उत्सवानंतर पाणी गेल्या वर्षीपेक्षा स्वच्छ निघालं, तर ते तुमच्या वर्गामुळे की उत्सव पावसाळ्यात आल्यामुळे? म्हणून नोंदवहीत दर ओळीला पाच गोष्टी असाव्यात: दोन्ही दिनांक (समुदायाच्या पंचांगाचा आणि नेहमीच्या कॅलेंडरचा), घड्याळाची वेळ, मागच्या तीन दिवसांतला पाऊस, हजर माणसांचा अंदाज आणि मोजणाऱ्याचं नाव. कचरा नेहमी माणशी ग्रॅममध्ये लिहा. एकूण किलो वाढले आणि माणशी ग्रॅम घटले, असं यशस्वी वर्षी अनेकदा होतं.

आकडा अडचणीचा निघाला तर

निघतोच. तेव्हा तीन गोष्टी. मोजमाप दुसऱ्या माणसाकडून पुन्हा करा. मग आधी विश्वस्तांना नव्हे तर तिन्ही अधिकारस्थानांना एकत्र बसवून दाखवा, म्हणजे आकडा कुणा एकाच्या खिशात राहत नाही. आणि तिसरं, आकड्याबरोबर एक शक्य कृती घेऊन जा: आवक बंद करणं, एक झडप, एक जाळी. धूप-मेणबत्त्यांच्या धुराबाबत विशेष जपून. स्वस्त सेन्सर दमट हवेत पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजून आकडा फुगवतात, म्हणून तसल्या एका वाचनावर गाभाऱ्याबद्दल बोलू नये. दारं-खिडक्या उघडून आणि बंद करून, दोन्ही वेळचं वाचन शेजारी-शेजारी ठेवा.

हातातून सोडणं

सुरुवातीला, आठ आठवड्यांनी आणि वर्षअखेरीस मुलांना तेच पाच प्रश्न विचारा. त्यांतले दोन तरी ‘का’चे असावेत. ‘तळ्याला सर्वांत कमी ऑक्सिजन केव्हा असतो, आणि का?’ हा प्रश्न ‘पर्यावरण महत्त्वाचं आहे का?’ याच्यापेक्षा शंभर पटीने कामाचा.

खरी परीक्षा मात्र वहीची. सातव्या महिन्यापासून शास्त्रज्ञाने दर दुसऱ्या महिन्यात मुद्दाम गैरहजर राहावं. त्या महिन्यांच्या ओळी कोऱ्या असतील तर प्रकल्प अजून त्याचाच आहे. नोंदकर्ते दोन तयार करा, एक मोठा, एक पंधरा-सोळा वर्षांचा, आणि दोघांनी एकाच दिवशी स्वतंत्रपणे मोजलेले पारदर्शकतेचे आकडे दहा सेंटिमीटरच्या आत जुळेपर्यंत सराव करून घ्या. मग पेटी, दुसरी तबकडी आणि रसायनांची मुदत संपण्याची तारीख झाकणावर लिहून, किल्लीवाल्याच्या ताब्यात.